ताटाची डावी बाजू

इंदुबाईंचा अबोला बिबवेवाडीत सगळ्यांना ठाऊक होता. भांडायला त्यांना कधी जमलंच नाही. दोन वाक्यं झाली की रडू फुटायचं आणि बरोबर असूनही त्याच हरल्यासारख्या दिसायच्या. म्हणून लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी न बोलण्याचं हत्यार हाती धरलं, आणि त्यात त्या चांगल्या तरबेज झाल्या. नवरा हिंमतराव, तोही काही कमी हट्टी नव्हता. त्यामुळे एकदा अबोला सुरू झाला की घरात माणसं दोन आणि बोलणं सामानाशी. "जेवण वाढलंय म्हणावं," असं इंदुबाई फ्रिजला सांगायच्या आणि हिंमतराव टेबलाशी येऊन बसायचे. "चहात साखर कमी हाय म्हणावं," हे ते टीव्हीला ऐकवायचे. सकाळी पोळ्या लाटायला सोजरबाई यायची, तेवढा वेळ फ्रिजला आणि टीव्हीला सुट्टी मिळायची.

असे अबोले आठवडाभरात विरून जायचे. कुणीतरी चुकून काहीतरी विचारायचं, दुसरं चुकून उत्तर द्यायचं, की झालं. एक मात्र विरला नाही. त्या अबोल्यात हिंमतरावांच्या नजरेचा एक तुकडा गेला, आणि तेवढ्यावरही भागलं नाही.

इंदुबाई सासवडकडच्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा बिबवेवाडीत गवार आणि पालक पिकत होता. पुढे सासऱ्यांच्या वाफ्यांवर सोसायट्या उठल्या, त्यातल्याच एकीत दुसऱ्या मजल्यावर यांना घर मिळालं. "मी माझ्याच गवारीवर झोपतो," असं हिंमतराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. ते एका कंपनीत स्टोअरला होते. इंदुबाईंनी मुलगी श्रद्धा शाळेत जायला लागल्यावर खालच्या गाळ्यात पोळी-भाजी केंद्र काढलं. पोळ्या कुणीही करतं, पण इंदुबाईंच्या कारळाच्या चटणीसाठी माणसं कोथरूडहून गाडी काढून यायची. रिटायर झाल्यावर हिंमतराव स्कूटरवरून डबे पोचवायचे आणि प्रत्येक घरी चटणीचं कौतुक ऐकून यायचे. बायकोला मात्र त्यातलं निम्मंच सांगायचे, डोक्यावर बसेल म्हणून.

घरी ताट वाढायची इंदुबाईंची पद्धत आईने घालून दिलेली होती आणि ती मोडायची त्यांना कधी गरज वाटली नाही. वर मधोमध मीठ, त्याला लागून लिंबाची फोड, मग डाव्या कडेने खाली उतरत चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी. हिंमतरावांना ब्लडप्रेशर निघाल्यापासून त्यात एक भर पडली होती. रात्रीच्या ताटात चटणीला लागून एका चिमुकल्या वाटीत गोळी असायची. या माणसाला ताटाबाहेरचं काही आठवत नाही, असं त्यांचं मत होतं, आणि ते खरंच होतं. ताट वाढून त्या समोर बसायच्या आणि "चटणी घ्या की अजून" म्हणत राहायच्या.

श्रावणात श्रद्धाने खराडीला फ्लॅट घेतला. आयटीतली नोकरी तिथेच, नवराही तिथेच, तेव्हा घरही तिथेच हवं होतं. वास्तुशांतीला इंदुबाईंनी केटररला बाकी सगळं करू दिलं, पण चटणी मात्र घरून मोठा डबा भरून नेली. पंगतीला व्याही मंडळी बसली होती. हिंमतरावांनी चटणीला बोट लावलं, जिभेवर ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मीठ लई झालंय. हिच्या हाताला आता माप राहिलं न्हाई. वय झालं."

लोक हसले. ते हसणं वाईट नव्हतं, पंगतीत लोक हसतातच. पण तीस वर्षं ज्या हातावर घर उभं होतं त्याच हाताला नवऱ्याने व्याह्यांसमोर नावं ठेवली, हे इंदुबाईंच्या जिव्हारी लागलं. परत येताना रिक्षात त्या बाहेर बघत बसल्या. येरवडा गेलं, नदीवरचा पूल गेला, स्वारगेटही मागे पडलं, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. आपण जरा जास्तच बोललो हे हिंमतरावांना कळलं होतं, पण कळणं आणि कबूल करणं यांत त्यांच्या घराण्यात पहिल्यापासून बरंच अंतर होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी हिंमतराव उठले ते कपाळ धरून. जरा वेळ पलंगावर बसून राहिले. पित्त झालं असेल म्हणून त्यांनी आल्याचा तुकडा चघळला आणि उठून डबे पोचवायला गेले. इंदुबाईंनी हे पाहिलं. एरवी त्यांनी चार प्रश्न विचारले असते.

त्या दिवसापासून ताट परत येताना चटणी जशीच्या तशी येऊ लागली. लोणचं, कोशिंबीरही तशीच. भाजी संपलेली, आमटी संपलेली, मीठसुद्धा चिमटीने उचललेलं, आणि चटणीला बोट नाही. इंदुबाईंना अर्थ लावायला वेळ लागला नाही. हे आपल्याला दाखवतायत. पंगतीत बोलले ते कमी पडलं, म्हणून आता रोज दोन वेळा ताटातून बोलतायत. नुसतं मीठ खाईन पण तुझी चटणी नको. इंदुबाईही हट्टाला पेटल्या. चटणी वाढायचं त्यांनी थांबवलं नाही. खायची तर खा, नाहीतर टाका. फक्त समोर बसणं सोडलं. ताट ठेवून त्या सरळ आत ओट्याशी जाऊन उभ्या राहायच्या.

इकडे हिंमतरावांच्या मनात काय चाललं होतं ते पुढे कळलं. त्यांना ताटात चटणी दिसतच नव्हती. मीठ दिसत होतं, लिंबू दिसत होतं, त्याच्याखाली मोकळं स्टील. त्यांनी ओळखलं, बाईने शिक्षा दिलीय. चटणीला नावं ठेवलीस ना, मग आता खा चटणीशिवाय. त्यांना शिक्षा रास्त वाटली. ती ते मुकाट्याने भोगत होते, आणि बेचव घास घशाखाली उतरावा म्हणून वरून मीठ घेत होते. ब्लडप्रेशरच्या माणसाने!

चटणीपुरतं असतं तर गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण रात्रीच्या ताटात गोळीही तशीच परत येत होती.

पहिल्या रात्री इंदुबाईंना वाटलं, विसरले. दुसऱ्या रात्री वाटलं, माझ्या हातची गोळीही नको झाली वाटतं. स्वतःच डबीतून काढून घेत असतील, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. गोळ्यांची डबी त्यांच्याच मांडणीवर होती आणि त्यातली एकही गोळी कमी होत नव्हती, हे त्यांना दिसत होतं. तरी त्या रोज वाटीतली गोळी उचलून परत डबीत टाकत राहिल्या. एकदा मात्र त्यांना राहवलं नाही. गोळी तळहातावर घेऊन त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ते दार हिंमतरावांच्या खुर्चीच्या डाव्या हाताला. हिंमतरावांनी पाण्याचा घोट घेतला, मान जराशी वळवली, त्यांची नजर इंदुबाईंच्या अंगावरून सरकली आणि परत टीव्हीवर गेली. जणू दारात कुणी नव्हतंच. इंदुबाई हात पुढे करून तशाच उभ्या होत्या. मग त्या आत गेल्या. नवऱ्याने आपल्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं होतं आणि त्या ओट्याला टेकून रडल्या.

गौरी-गणपती आले नि गेले. पितृपक्ष गेला. हिंमतरावांनी पेपर वाचणं सोडलं. ओळीची सुरुवात सापडत नव्हती, पण ते कुणाला सांगणार? स्कूटर डावीकडे उभ्या असलेल्या गाडीला दोनदा घासली. एकदा गुडघा फोडून आले आणि सोजरबाईकडून हळद मागून घेतली. इंदुबाईंनी हे सगळं रागाच्याच खात्यात टाकलं. रागात माणूस आंधळ्यासारखा वागतो, असं त्या सोजरबाईला ऐकवत होत्या.

दसऱ्याला श्रद्धा दुपारच्या जेवणाला आली. श्रीखंड-पुरी होती. आई-वडील एकमेकांशी बोलत नाहीत यात तिला नवीन काही नव्हतं. त्या हवेतच ती वाढली होती. पण जेवता जेवता तिने वडिलांच्या ताटाकडे पाहिलं.

"नाना, चटणी का ठेवलीत? डाएट वगैरे स्टार्ट केलंय की काय?"

"वाढलीय कुठं?" हिंमतराव म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. झाल्या गोष्टीला आपण नाव ठेवत नाही, असाच सूर होता.

इंदुबाईंचा तोल गेला. इतक्या दिवसांनी त्या नवऱ्याशी थेट बोलल्या, आणि बोलल्या ते हे, "डोळे फुटले का तुमचे? समोर काय हाय मग?"

हिंमतराव गोंधळून इकडे-तिकडे बघू लागले. मान डावीकडे बरीच वळली तेव्हा कुठे त्यांना चटणी दिसली. तिच्याकडे ते बघतच राहिले. "ही कवा वाढलीस?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

श्रद्धा हात न धुताच उठली. त्यांना आपल्या नाकाकडे बघायला सांगून तिने डावीकडे बोटं हलवली. वर नेली की दिसायची, खाली नेली की दिसायची, मधोमध आणली की नाहीशी व्हायची. तिने एक डोळा झाकून पाहिला, मग दुसरा. दोन्हीकडे तेच. इंदुबाई हे बघत उभ्या होत्या आणि मघाचं आपलं वाक्य त्यांना परत परत ऐकू येत होतं. ते आयुष्यभर ऐकू येणार होतं.

डोळ्यांच्या दवाखान्यात डोळे उत्तम निघाले. मग नजरेचा पट्टा तपासणारी एक तपासणी झाली. यंत्रात बघायचं आणि ठिपका चमकला की बटण दाबायचं. त्याचे जे दोन कागद निघाले त्यांवर डावीकडे सारखाच काळा भाग होता, भाकरीच्या चतकोराएवढा, टोक बरोबर मध्यावर. ते कागद घेऊन तिघं मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. तनुजा नावाच्या त्या डॉक्टर चाळिशीच्या होत्या, बोलायला मोकळ्या. कागद बघताच त्यांनी जागा सांगितली, एमआरआय नंतर निघाला आणि जागा तीच निघाली.

त्यांनी समजावलं ते असं. मेंदूच्या आत खोलवर थॅलॅमस नावाचा भाग आहे. त्याला लागून दोन्ही बाजूंना शेंगदाण्याएवढी एकेक जागा आहे, आणि तिथे डोळ्यांसमोरच्या जगाचा नकाशा आहे. डावीकडचं जग उजव्या शेंगदाण्यात, उजवीकडचं डाव्यात. शेजारचं शेजारीच राहतं, वरचं आणि खालचं आपापल्या जागी. त्याला घडीच्या पोळीसारखे सहा पदर आहेत. काही पदर या डोळ्याचे, काही त्या डोळ्याचे, पण सगळे असे जुळवून ठेवलेले की वरून सुई टोचली तर सहाही पदरांत जगाची तीच एक जागा सापडावी. म्हणूनच एका ठिकाणी इजा झाली की दोन्ही डोळ्यांना एकच तुकडा दिसेनासा होतो. नकाशा मापात मात्र नाही. नजर जिथे रोखतो त्या इवल्याशा जागेला मोठा हिस्सा, आणि कडेच्या अफाट जगाला उरलेली पट्टी. या जागेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या दोन. एकीवर मधला पट्टा, दुसरीवर दोन्ही कडा. हिंमतरावांची मधल्या पट्ट्याची वाहिनी बंद पडली होती.

"म्हंजे मधल्या वाफ्याचा पाट फुटला," हिंमतराव म्हणाले.

डॉक्टर म्हणाल्या, अगदी तसंच. हे सगळं बरंचसं माकडांच्या मेंदूवरून कळलं, माणसाचा नकाशा त्याच धाटणीचा आहे, असंही त्यांनी सांगितलं. यावर हिंमतराव बायकोकडे मान वळवून म्हणाले, "हे हिला लग्नापासून ठाऊक हाय." डॉक्टर हसल्या, इंदुबाईंनाही हसू आलं, आणि मग हसल्याची लाज वाटली.

तिथे काळं दिसत नाही, डॉक्टर पुढे म्हणाल्या. काहीच दिसत नाही, आणि काही दिसत नाही हेही कळत नाही. ताटात चटणी नसली तर काय असेल, तर स्टील. मग मेंदू आपल्या मनानेच तिथे स्टील भरून मोकळा होतो. शेजारच्या भागालाही धक्का बसला होता, त्यामुळे त्या बाजूला बघायचं मनातच येत नव्हतं. गेलेलं बहुतेक परत येणार नाही. पण पुढचा झटका टाळायलाच हवा, आणि गेले दोन-अडीच महिने ब्लडप्रेशर मोकाट सुटलेलं दिसतंय. गोळ्या चालू होत्या का, असं त्यांनी विचारलं.

इंदुबाई खुर्चीत पुढे सरकल्या. त्या बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात हिंमतराव म्हणाले, "मीच बंद केल्या व्हत्या. कंटाळा आला म्हणून."

डॉक्टरांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. 

घरी आल्यावर श्रद्धा औषधं आणायला गेली तेव्हा इंदुबाईंनी विचारलं, खोटं का बोललात. हिंमतराव म्हणाले, "तुझं नाव कशाला घ्यायचं? तू रागात गोळी वाढायची बंद केलीस, मीही मागितली न्हाई. चूक दोघांची. मिटलं आता."

इंदुबाई खाली बसल्या. चटणी ताटात होती हे या माणसाला दसऱ्याला दिसलं होतं. गोळीही होती, हे त्याच्या गावीही नव्हतं. बायकोने आपली गोळी बंद केली असं समजून त्याने तिला माफ करून टाकलं होतं आणि वर डॉक्टरांचं बोलणं स्वतः खाल्लं होतं. खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. गोळी रोज होती. तुम्ही घेत नाही हे मला रोज दिसत होतं. आणि रोज मी ती उचलून डबीत टाकली. यांतलं कुठलं जास्त वाईट, ते इंदुबाईंना ठरवता येईना. उद्या सांगू म्हणून त्या उठल्या.

पुढचे काही महिने त्या घरात कधी नव्हे इतकं बोलणं झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यांच्या डाव्या बाजूला बसत जा, म्हणजे मान वळवायची सवय लागेल. इंदुबाई डावीकडे बसून अखंड बोलायच्या, टेबलावर टिचकी मारून "इकडं बघा" म्हणायच्या. श्रद्धाने पेपरच्या डाव्या कडेला ठेवायला लाल पट्टी आणून दिली. ती दिसेपर्यंत मान वळवायची आणि मग ओळ सुरू करायची. हिंमतराव पुन्हा पेपर वाचू लागले, चुका काढू लागले. चटणी ते रोज मागून घ्यायचे आणि तिच्यात मीठ बरोबर आहे असं न विचारता सांगायचे. आपण म्हातारपणी सुधारलो, असं ते सोजरबाईला म्हणाले. इंदुबाई सगळं बोलायच्या, फक्त ते एक सोडून. आजवरचे त्यांचे अबोले रागाचे होते. हा एवढा एक भीतीचा होता, आणि तो कुणाला दिसत नव्हता.

थंडी सरता सरता एका सकाळी हिंमतरावांच्या हातून चहाचा कप सुटला. ते काहीतरी सांगत होते, पण शब्द शब्दासारखे नव्हते. या वेळी मेंदूची डावी बाजू होती आणि वाहिनी मोठी होती. दवाखान्यातून परत आले ते उजवा हात-पाय लुळा पडूनच. बोलणं गेलं होतं. समजणंही फारसं राहिलेलं नाही, असं डॉक्टर तनुजांनी इंदुबाईंचा हात हातात घेऊन सांगितलं. एक शब्द तेवढा शिल्लक होता, "हो."

चैत्रातल्या एका दुपारी गॅलरीत त्यांना खुर्चीत बसवून इंदुबाई समोर स्टूल घेऊन बसल्या. सोजरबाई गेली होती. घरात दोघंच.

"मी गोळी बंद न्हवती केली," इंदुबाई म्हणाल्या. "रोज वाढत व्हते, चटणीजवळ. तुम्हाला दिसली न्हाई. मला वाटायचं, मुद्दाम ठेवता. रोज उचलून परत टाकली मी. तोंडानं एकदा म्हणाले असते, गोळी घ्या, तर एवढं झालं नसतं."

हिंमतराव त्यांच्याकडे बघत होते. चेहरा शांत होता. "हो," ते म्हणाले.

इंदुबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांनी नवऱ्याचा चालता हात धरला. "कळलं ना, काय म्हणाले ते?"

"हो."

"मग माफ केलं का मला?"

"हो."

इतक्या महिन्यांनी छातीवरचं ओझं जरा हललं, असं त्यांना वाटलं. क्षणभर त्यांनी ते तसंच वाटू दिलं. मग त्यांच्या मनात आलं ते विचारू नये असं त्यांना फार वाटत होतं, तरी त्यांनी विचारलं.

"मी कोण? मी सोजरबाई ना?"

"हो," हिंमतराव म्हणाले, तितक्याच मायेने.

इंदुबाईंनी पदराने डोळे पुसले. खालून कुणीतरी केंद्रात चटणी आहे का म्हणून हाक मारत होतं, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. स्टूल आणखी पुढे ओढून त्या म्हणाल्या, "ऐका मग," आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या.